बेड नंबर सात

५ जानेवारी

सातनं आजही नाक कापलं!

सकाळी उपग्रह जंगलावरून गेला. दर बारा दिवसांनी जातो. ढग असोत, अंधार असो, त्याच्या रडारला सगळं सारखंच. दुपारपर्यंत चित्र माझ्या हातात. जमीन गोठलेली असली की चित्रात एक छटा, सुटली की दुसरी – त्यावरून मी नकाशा करतो. गोठलेलं ते निळं. आज सगळं जंगल निळंशार. आणि नकाशा खरा की खोटा हे ठरवायला मातीत चौदा थर्मामीटर पुरलेत, ते रोज आपापला आकडा पाठवतात. तेरा म्हणाले उणे. सात म्हणाला अधिक तीन. बाहेर हाडं गोठतायत आणि याला एकट्याला वसंत आलाय!

मीच पुरला तो, गेल्या उन्हाळ्यात. उन्मळून पडलेल्या एका झाडाच्या मुळाखाली, छान कोरडी जागा बघून. तेव्हा स्वतःवर फार खूश झालो होतो.

८ जानेवारी

साहेबांनी बोलावलं. आम्ही त्यांना दशांश म्हणतो, कारण किती चमचे साखर घालू विचारलं तरी ते दशांशात सांगतात. वनखात्याची अट पुन्हा एकदा ऐकवली. ११ एप्रिलच्या फेरीपर्यंत एकदा तरी नकाशा आणि थर्मामीटर शेकडा पंच्याण्णव जुळायला हवेत. चौदातले तेरा म्हणजे ब्याण्णव पॉइंट आठ सहा. नाही चालत.

जुळलं तर खातं नकाशा वापरणार. जमीन कडक आहे तोवर लाकडाचे ट्रक आत सोडायचे, सुटायला लागली की थांबवायचे, नाहीतर चाकांखाली झाडांची मुळं चिरडतात. नाही जुळलं तर १५ एप्रिलला माझा करार संपला आणि मी परत शाळेत, भूगोल शिकवायला. आठवी ब. नको रे बाबा!

१७ जानेवारी

तेरा. सात अजून तीनवरच. मेल्या!

२३ जानेवारी

सातनं कहर केला. १९ आणि २० तारखेला खालीवर उड्या मारल्या आणि आता साडेचारवर जाऊन बसलाय. दशांश म्हणाले, आत पाणी गेलं असेल, नादुरुस्त म्हणून लिहून द्या आणि विषय मिटवा. नियमात तशी सोय आहे. नादुरुस्त थर्मामीटर वगळता येतो, फक्त मला खात्री आहे अशी सही मी करायची.

खात्री कुठाय? पण दुसरं असणार तरी काय!

१० फेब्रुवारी

केली सही. सात वगळला. तेरापैकी तेरा! शंभर टक्के! दशांश चक्क हसले, आणि हसताना त्यांना वरचे दात आहेत हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. वनखात्याचं पत्र संध्याकाळी आलंसुद्धा. २० तारखेपासून ट्रक सुटणार. आधी सात आहे त्या तिसऱ्या पट्ट्यात, कारण माझ्या नकाशावर तो सगळ्यात कडक आहे. माझ्या नकाशावर! घरी येताना शीळ घालत आलो. आई म्हणाली, एवढी शीळ तर तू दहावी पास झालास तेव्हापण घातली नव्हतीस.

१३ फेब्रुवारी

आईनं घात केला.

सातच्या आकड्यांचा आलेख छापलेला कागद पिशवीत राहिला होता. मागची बाजू कोरी, म्हणून आईनं तो वाणसामानाच्या यादीला घेतला. मी चहा ओततोय, तर ती यादी सोडून कागद उलटा करून बघत बसलेली. एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती ती. रेघ दिसली की तिचा चष्मा आपोआप नाकावर येतो.

"कुणाचा चार्ट आहे?"

म्हटलं, कुणाचा नाही, मातीचा. मशीन बिघडलंय.

"बिघडलेलं मशीन वेडंवाकडं दाखवतं. हे बघ, खाली तू बाहेरची थंडी लिहिलीयस. उणे अठ्ठावीस झालं तरी हिचं हललं नाही. ही जिवंत आहे."

मी हसलो. ती नाही हसली. बोट १९ तारखेवर ठेवलं. इथे दोन दिवस बाईला चैन नाही, म्हणाली. मग दीड अंश वर, आणि पुढे सरळ रेघ. बाळंत झाली. वर मलाच विचारते, त्या जंगलात हिवाळाभर मुळाखाली कोण झोपतं? तूच भूगोल शिकवायचास ना?

अस्वल.

चहा तसाच राहिला.

१४ फेब्रुवारी

आईवर ओरडलो. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी तुझा वॉर्ड सुटत नाही, असं काहीबाही बोललो. तिनं शांतपणे लसूण सोलला. मग म्हणाली, "सही मी नाही केली."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिथे काही नसेल तर हसं होईल. असेल तर सही खोटी आणि करार गेला. आणि सहा दिवसांनी सातच्या शेजारून पंधरा पावलांवरून ट्रक जाणार. घाबरलेली अस्वलीण पिल्लं टाकून पळते म्हणतात. मग त्या थंडीत पिल्लं किती टिकणार?

तिसऱ्या पट्ट्याच्या फॉरेस्टबाईंना फोन केला. त्या शब्द मोजून वापरतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बर्फाचे बूट आणा, तोंड घरी ठेवून या.

१७ फेब्रुवारी

गेलो. तोंड घरी ठेवून.

दोन तास चाललो. सातच्या अलीकडे चाळीस पावलांवर बाईंनी हात वर केला आणि दुर्बीण मला दिली. पडलेलं झाड बर्फाखाली गुडूप. मुळाशी मुठीएवढं भोक, आणि भोकाच्या कडेला गोठलेलं जाडजूड दहिवर. आतून कुणीतरी श्वास सोडतंय म्हणून जमलेलं! माझी पाचावर धारण बसली. पळावंसं वाटत होतं आणि हलताही येत नव्हतं.

मग आवाज आला. बारीक, एकसुरी घुरघुर, शिवणाचं मशीन लांबून ऐकू यावं तसा. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी छातीशी बाळ धरल्यासारखे हात केले. पितायत!

आम्ही पाठ न फिरवता मागे सरत आलो. गाडीशी आल्यावर बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलल्या. "तुमच्या आई कुठे होत्या नोकरीला?"

माझ्या नकाशावरचा एक ठिपका म्हणजे वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद. एवढ्यात एक अस्वलीण कुठे दिसायची! वरून सगळं निळंच. पण खाली मीच पुरलेला थर्मामीटर दीड महिना बोंबलत होता आणि मी त्याला खोटं ठरवलं. लाज वाटली.

१८ फेब्रुवारी

सही मागे घेतली. सात नादुरुस्त नाही असं लिहून दिलं. दशांशांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. म्हणजे आपण पुन्हा ब्याण्णव पॉइंट आठ सहावर, म्हणाले. नकाशा बरोबर आहे, थर्मामीटरही बरोबर आहे, तरी जुळत नाही, आणि याला नियमात रकाना नाही! मला वाटलं आता ओरडतील. पण दाराशी जाऊन थांबले आणि हळूच विचारलं, पिल्लं किती?

ट्रक थांबले. फॉरेस्टबाईंनी भोवतीचा सगळा तुकडा फिती लावून बंद केला. ट्रकवाल्यांच्या मुकादमानं मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मी लाकडाच्या मुळावर उठलोय, एवढंच लिहिण्यासारखं.

२२ फेब्रुवारी

तेरा. आज शिवी दिली नाही.

९ मार्च

दोन दिवस उबदार वारा. आईला वाटलं संपला हिवाळा, लोकरीचे मोजे धुऊन टाकले. आज पुन्हा उणे बारा आणि मोजे दोरीवर लाकूड होऊन लटकलेत. हिला अस्वलाचं बाळंतपण कळतं, थंडी जायची कळत नाही!

रोज मी दारात पाय ठेवायच्या आत विचारते, बेड सात कशी आहे? मी आकडा सांगतो. ती फ्रिजवर लावलेल्या चार्टवर टिंब काढते. शेजारच्या काकूंना वाटतंय आमच्या नात्यातली कुणी आजारी आहे. परवा त्यांनी मला जिन्यात गाठून धीर दिला.

१८ मार्च

तेरा. शाळेत फोन करून ठेवला. आठवी 'ब'ला अजून कुणी मिळालेलं नाही म्हणे. नवल नाही.

३० मार्च

तेरा. आता एकच फेरी उरली. दक्षिणेकडच्या टेकड्यांवर नकाशाचा निळा रंग सुटायला लागलाय, बोटबोट वर सरकतोय. काय देखणं दिसतंय! हे दरवर्षी बघायला मिळावं एवढंच मला हवं होतं. आईला तसं म्हटलं. ती म्हणाली, हवं असणं वाईट नाही, आणि पानात आणखी भात वाढला. जाईना का करार, तसली सही मी पुन्हा करणार नाही.

८ एप्रिल

सात साडेचार अंशांवरून दोनवर! सकाळी बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं. आईला फोन केला. ती म्हणाली, फॉरेस्टबाईंना विचार. त्या उद्या जाणार.

९ एप्रिल

बाईंचा फोन. भोक आता दरवाजाएवढं झालंय. आत कुणी नाही. बर्फात ओढ्याकडे जाणारे ठसे: एक मोठे, शेजारी दोन छोटे, मध्येमध्ये कोलांट्या मारलेल्या. बाई हसत होत्या. त्यांना हसता येतं!

११ एप्रिल

शेवटची फेरी. उघड्या ढोलीत दोन रात्री थंडी शिरली आणि सात पहिल्यांदाच शून्याखाली गेला. टेकड्यांवरचे दोन सुटलेले, बाकीचे बारा गोठलेले, नकाशा म्हणतो अगदी तस्संच. चौदापैकी चौदा! दशांशांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि वनखात्याला फोन लावला. करार राहिला. पळत घरी आलो.

आई फ्रिजपाशी उभी होती. चार्टवर शेवटचं टिंब काढलं, खाली तारीख घातली, आणि वॉर्डातल्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

"बेड ७. डिस्चार्ज. आई आणि दोन्ही बाळं सुखरूप."