खुंटीवरचा निळा कोट

११ एप्रिल
नानांना सात नंबरच्या खोलीत हलवलं. ताप, खोकला. वृद्धाश्रमाचं फाटक आजपासून बंद. आमची सेवा करणाऱ्या दोघी, मंगलाअक्का आणि रेखा, यांनाही घरी जायची बंदी. सचिवांनी धुळ्याहून, स्वतःच्या घरातून, फोनवर सांगितलं, "गेलात तर परत येऊ नका." शिवाय 'कोरोना' म्हणायचं नाही. 'उन्हाळी ताप' म्हणायचं.
दोघींच्या संरक्षणासाठी आलेला माल : एक रेनकोट. निळा. सातमध्ये जाणारीने तो घालायचा, बाहेर आल्यावर फिनेलच्या पाण्यात बुडवायचा, माझ्या दारासमोरच्या खुंटीला अडकवायचा. मग दुसरीने तोच.
हे ज्याने ठरवलं त्याने तो एकदा तरी घालून बघावा.

१४ एप्रिल
जयंती. दरवर्षी आज सकाळी अमळनेर, दुपारी एरंडोल, संध्याकाळी धुळे. घसा बसेपर्यंत भाषणं. यंदा श्रोते दोन. व्हरांड्यात खुर्ची टाकून बोललोच. "तुम्हाला माऊली म्हणतील, देवदूत म्हणतील. सावध राहा. ज्याला देव केलं, त्याला मास्क द्यावा लागत नाही."
अक्काने टाळ्या वाजवल्या. रेखा म्हणाली, "मास्क राहू द्या सर, आधी त्या कोटात पंखा बसवून मागा." ऊन असं की आत जाऊन आली की बाह्यांतून घाम ठिबकतो.

१६ एप्रिल
नाना पहाटे गेले. शेवटी शेवटी म्हणायचे, "निळी बाई चांगली शे. झोपतच नई." दोघी त्यांना एकच वाटायच्या. तेव्हा मला हसू आलं होतं.
दुपारी कोट खुंटीवर. वारा अजिबात नाही. एक बाही हळूच वळली. पाणी निथळत असेल. निथळतच असेल.

१८ एप्रिल
मंगलाअक्काला ताप. सचिव म्हणतात, "उन्हाचा असेल. बोभाटा नको, सर." तपासणी नाही. ज्या खाटेवरच्या नानांना तिने पाणी पाजलं, तीच खाट आता तिला.
रेखा कोट घालून आत गेली आणि अक्का किंचाळली. माझ्या दारापर्यंत ऐकू आलं.
"मी आठे पडेल शे! मंग त्या कोटमा कोन शे?"
"अक्का, तू खाटवरच शे. कोटमा मी शे ना, रेखा."
"खोटं! मन्हाच घामना वास येस त्याले!"
रेखा बाहेर आली ती पांढरीफटक. म्हणाली, "तापात बरळतेय. मला तर कसलाच वास आला नाही, सर."

२० एप्रिल
दूध करपलं. धूर व्हरांड्यात आला, वासाने म्हातारे उठून बसले. स्वयंपाकघरात गेलो. रेखा शेगडीजवळ उभी, पातेल्याकडे पाठ करून कप मांडतेय.
"रेखा, दूध!"
"हो सर, ठेवलंय तापत."
आणि मला तिचं परवाचं वाक्य आठवलं. कसलाच वास आला नाही.
सचिवांना फोन. "ताप आहे का तिला? नाही ना? मग चालू द्या. कोट धुताय ना रोज?" कोटाची चौकशी! मी आवाज चढवला. मैदानं गाजवलेला आवाज. त्यांनी फोन ठेवला.
मग सरकारी आरोग्य कचेरीला लावला. दोघींची नावं, आश्रमाचा पत्ता, सगळं सांगितलं. "गाडी पाठवतो. एक-दोन दिवसांत."
रेखा हात जोडून उभी. "सर, काय केलंत हे? काम गेलं तर? पोरगी एरंडोलला आईजवळ आहे."
"काम जिवंत माणसाचं जातं, रेखा."
फार कठोर बोललो. पण खोटं काय होतं त्यात?

२१ एप्रिल
गाडी नाही. पुन्हा फोन केला. "निघेल."
रेखाला सातमध्ये जाऊ दिलं नाही. "तुमचं वय बघा, सर! दमा आहे तुम्हाला!" "बस खाली," म्हटलं. कोट मी चढवला. ज्यासाठी आयुष्यभर घसा फोडला, ते फक्त दुसऱ्यांनी करायचं काय?
काल संध्याकाळपासून तो कुणी घातला नव्हता. खुंटी सावलीत. तरी आतून कोमट लागला. कुणी नुकतंच त्यातून बाहेर पडावं तसा.
अक्काला चमच्याने पेज पाजली. डोळे न उघडता तिने विचारलं, "उनी का माय?"
"हो, आलो," म्हणालो. माझा हा घोगरा आवाज. तिला तो खटकला नाही.
बाहेर रेखा भिंतीला टेकून होती. मी जवळ गेलो तशी मागे सरकली. कोटाची टोपी काढेपर्यंत तिने मला ओळखलं नाही.

२३ एप्रिल
गाडी अजून नाही. अक्काला धाप लागली आहे. फोन एंगेज.
रेखाने घरून आणलेली काळ्या मसाल्याची डबी उघडली. एरवी हिचं झाकण निघालं की अख्खा व्हरांडा शिंकतो. तिने नाकाशी धरली. डोळे मिटून पुन्हा धरली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "सर, कसा असतो हो याचा वास?"
मी डबी तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली.
ती झोपली आहे. फाटकाकडे कान लावून बसलोय. मधेच कोट सळसळतो, तेवढाच आवाज.
डबी माझ्या टेबलावर आहे, उघडीच. तिच्याशेजारीच वही ठेवून लिहितोय. शिंक आलेली नाही.