मांडीवर घेण्याआधी

खडकवाडी, पो. पिंगळी
२९ जुलै १९७३

पत्रातलं अक्षर जावयाचं आन् खाली सही तेवढी तुझी. सहीपुरतं शाळेत घातलं होतं का गं तुला? मी रात्रीच्या वर्गात शिकलेली बाई, जोडाक्षरात पाय अडकतो, तरी स्वतः लिहायलेय. हे आधी बोलले, आता बाकीचं.

चि. सौ. गीतास आजीचा आशीर्वाद, बन्सीधर गुरुजींना जयभीम.

तू बाळंतपणाला पोळ्याआधी येते म्हणलीस. येऊ नको. गावात पटकी लागलीय. उलट्या-हगवणीनं माणूस दिवसात वाळायलंय. तुझी नाळ मी कापली, तुझ्या लेकराची बी मीच कापीन म्हणले होते, ते ध्यानात हाय. तरी येऊ नको.

पाटलाचा माणूस आला, पहिल्यासारखा मरीआईचा गाडा ओढा म्हणला. मी म्हणलं, आमी ते कवाच सोडलं, ज्याची आई त्यानं ओढावी. मग सुई टोचणाऱ्यांची जीप आली. शेजारच्या तात्यारावला टोचली तर ताप भरला. म्हंजे रोग सुईतूनच घालायलेत. मी आन् बायनाबाई जीप जाईस्तोवर ज्वारीत बसून राहिलो. विहिरीत पावडर टाकून गेलेत, आन् वर पाणी उकळून प्या म्हणत्यात. उकळल्या पाण्याला काय चव असती? आमच्या हाडात पटकीला खायला उरलंय काय? तू जप.

माया हाय तेवढी राहू दे.
केशरबाई


जिंतूर
५ ऑगस्ट १९७३

ति. आजीस गीताचा सप्रेम जयभीम. वि. वि. हे अक्षर माझं आहे, चष्मा लावून बघ. पाय सुजतात म्हणून मी पडून सांगत होते आणि हे लिहीत होते, एवढंच.

मरीआईला नको म्हणालीस तेव्हा ह्यांनी सगळ्या शाळेत सांगितलं, आमच्या आजेसासूबाई बघा म्हणून. आणि तीच बाई सुईला भिऊन ज्वारीत लपली, हे आता कसं सांगायचं त्यांनी? ताप सुईचाच असतो, दोन दिवसांत उतरतो. तात्यारावांचा उतरला की नाही ते खरं लिही.

मला आई आठवत नाही. आठवते ती तू. तुझ्या हाडांत पटकीला काही उरलं नसेल, मला उरलंय. मी यायचं नाही तर तू सुई घ्यायची. नाही घेतलीस तर पुढच्या बाजाराला पोट घेऊन एस.टी.त बसते. हे अडवायलेत, पण मी नात तुझीच आहे.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी गीता


खडकवाडी
१४ ऑगस्ट १९७३

बसू नको एस.टी.त. घेतली सुई. दंड भाकरीच्या उंड्यासारखा सुजलाय, तुझ्या नवऱ्याला सांग.

चि. सौ. गीतास आशीर्वाद. तुझ्या धमकीला भेऊन घेतली असं समजू नको. ज्वारीत माझ्यासंगं बसलेली बायनाबाई पटकीनं पडली. बरं वाटंना तरी नातीला हातानं भाकर चारत होती, तर दुसऱ्या दिवशी पोरगी बी पडली. दोघींना बैलगाडीत घालून परभणीला नेलं, सलाईन लावलं. वाचल्या. बायनाबाईचा आवाज निम्मा झालाय. पोरीच्या उशाला बसून असती.

मी म्हणायचे, म्हाताऱ्याला रोग झाला तर म्हातारा जाईल, त्यात काय. तसं नसतंय. ह्याच हातानं मी गावाची लेकरं झेलली. हेच हात घेऊन तुझ्याकडं आले असते तर.

तात्यारावचा ताप कवाच उतरला होता, ते सांगायची त्याला लाज. जीप परत आली तवा त्यालाच पुढं घातलं आन् ज्वारीत लपलेली सगळी म्हातारी माणसं हुसकून जीपपाशी उभी केली.

बाळंतपण तिथल्या दवाखान्यात कर. नाळ कोण बी कापू दे. इथं जरा लिहायचं थांबले होते. ताप हाय अंगात, म्हणून.

केशरबाई


जिंतूर
२६ ऑगस्ट १९७३

ति. आजींस बन्सीधरचा सविनय जयभीम. वि. वि. काल सकाळी गीताला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. तुम्ही आल्याशिवाय नाव ठेवू देणार नाही, असं गीता म्हणते. कपाळ तुमच्यासारखं आहे, आणि आवाजही. ताप उतरल्याचं कळवावं.

आपला,
बन्सीधर


खडकवाडी
१ सप्टेंबर १९७३

आवाज माझ्यासारखा म्हंजे काय, गुरुजी? समोर आल्यावर इचारीन.

तुम्हा दोघांना आशीर्वाद, लहानीला लय. ताप उतरला. बायनाबाईची नात आता अंगणात पळायलीय. तरी मी लगेच निघत न्हाई. डॉक्टरला इचारलं, तो म्हणला नवा रोगी सापडायचा थांबू द्या. थांबते. पोरीची वाट बघणं मला नवं न्हाई, तिच्या मायची बी बघितली होती.

आल्यावर मला घरात घ्यायचं न्हाई. अंगणात कढत पाणी आन् साबण ठेवा. माझं लुगडं उकळायला टाका, गीताचं जुनं नेसायला द्या. लहानी रडली तरी रडू द्या. माझे हात कोपरापर्यंत धुवून झाले, की मग मांडीवर द्या. प्यायला पाणी उकळलेलंच द्या. चव नसती ते मला माहीत हाय, मी इथं तेच प्यायलेय.

नाव मी ठरवलंय, तिच्या कानात सांगीन आधी. तुमाला मागून.

गीतानं ह्या पत्राचं उत्तर लिहायचं न्हाई. ओल्या बाळंतिणीनं डोळ्याला ताण देऊ नये. गुरुजी, तुमी लिहा. तिची सही बी नको.

केशरबाई