तळहाताएवढं पाकीट

४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही सोयीचं तेवढंच ऐकता, म्हणून लिहिते. सोबत पाकीट पाठवलं आहे. फ्रान्सच्या बकरीच्या मऊ कातड्याचं, तळहातात मावणारं. डॉक्टरांचं म्हणणं आईने कळवलं. बस चालवण्याची सगळी वर्षं त्या फुगलेल्या पाकिटावर कलून बसलात, म्हणून कंबर वाकडी आणि उजवा पाय बधिर. ते खिशातून गेलं नाही तर ऑपरेशन. तेव्हा जुनं आजच काढा. इथे कामातून मान वर काढायला फुरसत नाही, नाहीतर स्वतः येऊन काढलं असतं.

आईला नमस्कार. लोभ आहेच, हट्ट तेवढा आवरा.

तुमची,
ठमी

१५ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पाकीट पोचलं. हातात घेतलं की सोडवत नाही. एवढ्या पैशांत अख्खी बकरी आली असती, असं तुझी आई म्हणाली, मी नव्हे. डेपोत सगळ्यांना दाखवून आलो. रोज जवळ बाळगतो. पाय मात्र तसाच आहे, त्याअर्थी डॉक्टरला काही कळत नाही.

जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझा,
बाबा

२४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र वाचून कपाळाला हात लावला. नवं पाकीट तुम्ही जुन्या पाकिटात ठेवलंत? घासू नये म्हणून? आणि वर त्यावरच बसता? परवा जिन्यात पडता पडता वाचलात, तेही लपवलंत. तुमच्यापुढे हात टेकले, बाबा. इतकं काय आहे त्या जुन्यात, की त्यापायी पाय घालवायचा आहे? रागही येतो आणि रडूही.

जुनं काढलं, एवढंच कळवा. बाकी काही ऐकायचं नाही.

तुमचीच,
ठमी

२ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

काढलं. आता ओरडू नकोस.

जुन्यात चिठ्ठ्या होत्या. रस्त्यात मला काही झालं तर कोणाला कळवायचं, त्यांचे नंबर. डेपो, काका, शेजारी, तुझे मामा, तू. भिजू नयेत म्हणून प्रत्येक लॅमिनेट केलेली, म्हणून तो फुगारा. तुझ्या त्या पाकिटात बसच्या पासाशेजारी एकच शिरली. आई म्हणाली, शेजाऱ्यांची ठेवा, ते लगेच धावतील. मी तुझी ठेवली. ठमी लांब आहे, तिला कळवून उपयोग काय, म्हणून आई चिडली. तिचं खरं आहे. पण नुसतं ये म्हटलं तर तू दोन वर्षांत आली नाहीस. पडलो म्हटल्यावर तरी येशील.

तुझा,
बाबा