टकल्यासाठी एक खार

३ तारीख, सोमवार
टकल्या टीम लीडर झाला. सात वर्षं मी खपलो आणि परवा आलेला हा लीडर. वर मीटिंगमध्ये माझ्या रोबोकडे बोट दाखवून विचारतो, हा कचऱ्याचा डबा मध्येच कोणी ठेवला? सगळे हसले. नाइलाजाने मीही हसलो. याचा सूड घेणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

४ तारीख
आयडिया सापडली. दाणे पुरताना कोणी बघत असेल तर खार रिकामाच खड्डा बुजवते. माझा रोबोही तेच करणार, वस्तू वीस डब्यांपैकी एकात लपवणार. त्याच्याकडे सर्वांत जास्त टक लावून बघेल तो चोर. चोराला फक्त रिकामे डबे. टकल्या माझ्या टेबलाकडे सारखा चोरून बघत असतोच. जळतो.

१० तारीख
साहेबांना गाठलं. २५ तारखेला डेमो. साहेबांची चावी रोबो लपवणार, टकल्याने शोधायची. नाही सापडली तर लीडर बदलायचा, असं ठरलं. (साहेब फक्त 'बघू' म्हणाले.)

१७ तारीख
आठवडाभर सराव. दिवसभर रोबोसमोर बसून आहे. पापणीही लवू देत नाही.

२३ तारीख
घरच्या कपाटाची किल्ली लपवायला दिली. वीसही डबे उघडले, वीसही रिकामे. मलाच सापडत नाही, तर टकल्या काय शोधणार, कपाळ? फार आनंद झाला. बायकोचे सगळे कपडे त्याच कपाटात आहेत. ती बोलत नाहीये.

२५ तारीख, दुपारी ४
डेमो झाला. रोबोने आधी मला दाखवून दाखवून तीन रिकाम्या डब्यांची झाकणं लावली. मग टकल्याच्या देखत त्याच्या पायाशी असलेल्या डब्यात चावी टाकली. टकल्याने वाकून काढली. अकरा सेकंद.
रोबोची नोंद उघडली. चोर म्हणून माझा फोटो. टकल्याचं बघणं डेमोआधीच्या तीन आठवड्यांत शून्य सेकंद. एकदाही नाही.

२६ तारीख
बायको चौथ्या दिवशीही त्याच कपड्यांत. किल्लीसाठी शेवटी टकल्याचे पाय धरले. तो समोर जाताच रोबोने आपलंच झाकण उघडलं. किल्ली त्याच्या पोटात होती, सोबत बिस्किटाचा कागद. टकल्या ओशाळला. म्हणाला, सॉरी, हा मीच टाकला होता, मला तो खरंच कचऱ्याचा डबा वाटला. मग तो कागद बाहेर काढून, आता हा कुठे टाकू, असं विचारलं.
मी रोबोकडे बोट दाखवलं.