विजेची गाडी आणि माझे तीन ‘नाही’

आदरणीय व्याहीबुवा यांस,

वाकून नमस्कार करायला कंबर तयार नाही, तेव्हा बसल्याजागचा घ्या. विहीणबाईंनाही पोचवा. तुमचा गुडघा कसा आहे? (दुखत असेल तर लिहा, बरा असेल तर लिहू नका, उगाच चार ओळी वाचाव्या लागतात.) तुमची मुलगी मजेत आहे आणि घरात आता तिचंच चालतं. नातवाला दोन दात आले. झालं. आता कामाचं.

तुमची नोकरी वीज खात्यात गेली, माझी डिझेल इंजिनाखाली उताणं पडून. म्हणून तुम्हाला विचारतोय. इथे मालतळावर कुणाला विचारलं तर संध्याकाळपर्यंत बोभाटा होईल की हेडमिस्त्रीला काही कळत नाही. आमच्याकडे कंटेनर उचलून एकावर एक रचायच्या चार गाड्या आहेत. (कंटेनरला आम्ही डबा म्हणतो, पण एकेका डब्यात तुमच्या दोन खोल्या बसतील.) चारही डिझेलच्या, चारही म्हाताऱ्या. आता नव्या घ्यायच्यात. विजेच्या घ्याव्यात की पुन्हा डिझेलच्याच, यावर साहेबांच्या खोलीत तीन मीटिंगा झाल्या आणि तीन मीटिंगांत ठरलं काय, तर चौथी घ्यायची. चौथीत साहेब म्हणाले, मिस्त्री म्हणतील तसं करू. मिस्त्री म्हणजे मी. विजेच्या आल्या तर माझ्या हाताखालच्या सहा डिझेल मिस्त्र्यांनी काय करायचं, हे कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही, कारण तोंडात बिस्कीट होतं.

मग एक विजेची गाडी आठ दिवस वापरून बघायला आली. तिच्यासोबत टाय बांधलेला एक गृहस्थ आला. तो इतकं बोलायचा की गाडी गप्प का असते ते मला लगेच कळलं. मी माझ्या पद्धतीने तपासायला घेतली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. आत काय दुखतंय ते इंजिन स्वतः सांगतं, डॉक्टर नळी लावतात तसंच. इथे दहा मिनिटं कान लावला, काही नाही. जागा बदलली, काही नाही. टायवाल्याला म्हटलं, अहो, सुरू तरी करा. तो म्हणाला, काका, सुरूच आहे. मला वाटलं थट्टा करतोय. मागे वळून बघतो तर गाडीने डबा उचलून धरलेला. मग मी विचारलं, तेल बघायची कांडी कुठाय? त्याने मला काचेवरचा आकडा दाखवला. एक्क्याऐंशी टक्के. कशाचे म्हटलं, तर म्हणे चार्जिंगचे. आता कांडी बाहेर काढली की तेल बोटाला लागतं, टक्के कुठे लागतात ते सांगा. नाही आवाज, नाही वास, नाही ऊब. नाडीच लागेना.

तपासणीचा आमचा एक कागद आहे, मीच पूर्वी तयार केलेला. आवाज येतो का, धूर दिसतो का, हात लावला तर गरम लागतं का. तिन्हीपुढे ‘नाही’ आलं की गाडी मेली, ओढून कोपऱ्यात लावायची. हे यार्डातल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे, म्हणून खाली निकाल लिहायची पद्धतच नाही. मी तीनदा ‘नाही’ लिहिलं, सही ठोकली आणि मोकळा झालो. पण साहेब नवे. गेल्याच वर्षी आलेत. त्यांनी भर मीटिंगमध्ये माझा कागद मोठ्याने वाचला. आवाज, नाही. धूर, नाही. गरम होणं, नाही. आणि टाळ्या. टायवाल्याने उठून माझा हात हातात घेतला. साहेब म्हणाले, एवढ्या जुन्या डिझेलच्या माणसाने इतकं निर्मळ मनाने लिहावं. मला वाटलं, मी कुठल्या तरी दुसऱ्याच मीटिंगला येऊन बसलोय. हसलो. काय करणार.

बाहेर आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. माझे सहाही मिस्त्री माझ्याकडे पाठ करून नटबोल्ट मोजत होते. एकजण तेवढ्यात म्हणाला, “शाबास दादा. आमचं दुकान बंद करून तुम्ही टाळ्या घेऊन आलात.” मी म्हटलं, अरे, मी तिला मेलेली लिहिलंय. तो म्हणाला, “मग मेलेली गाडी दिवसाला दीडशे डबे कशी उचलते?” खरंच उचलत होती हो.

त्यात आणखी एक. आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर भोंगा. (खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक.) बावीस वर्षं डिझेलच्या गाडीवर बसून त्याला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी माणूस दचकतो. तो आठ दिवस विजेच्या गाडीवर होता. शेवटच्या दिवशी खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “मिस्त्री, आज घरी गेल्यावर डोकं दुखणार नाही बहुतेक.” मला आधी वाटलं, याला ताप आहे. कपाळाला हात लावून पाहिला.

आता साहेबांना शुक्रवारी एका ओळीची चिठ्ठी हवी आहे. एका बाजूला सहाजणांचं पोट, दुसऱ्या बाजूला भोंग्याचं डोकं, आणि मधे मी, ज्याला अजून टक्केच कळलेले नाहीत. तुमचं मत उलट टपाली कळवा. लांबण लावू नका.

आपला,
व्याही

ता. क. १ : मत कळवू नका. चिठ्ठी कालच देऊन टाकली. ‘विजेच्या घ्या’ असं लिहिलं. भोंगा तसा हळू बोलल्यावर दुसरं लिहायला हात धजेना. खाली मात्र या वेळी निकालाची ओळ घातली : ‘सहाही मिस्त्री राहतील, नाहीतर माझी सही परत द्या.’

ता. क. २ : साहेब म्हणाले, राहतील, पण विजेचं काम शिकून परीक्षा दिली तर. सहाजणांना सांगितलं. ते म्हणतात, आधी तुम्ही पास होऊन दाखवा, मग आम्ही परीक्षेला बसतो. मी नापास झालो तर सातहीजण घरी. वर्ग पुढच्या एक तारखेपासून. तेव्हा तुम्ही पंधरा दिवसांसाठी निघून या. सगळ्यांना सांगा, नातवाचे दात बघायला आलोय.

ता. क. ३ : हे फक्त तुम्हालाच. मला विजेची भीती वाटते. घरातला दिवा गेला की तुमची मुलगी स्टुलावर चढते आणि मी स्टूल धरतो, तेही पायात रबरी चपला घालून. तेव्हा शिकवणी जरा लांबून सुरू करा. पहिले दोन दिवस तारेला तुम्ही हात लावा, मी दारात उभा राहून बघेन. तिसऱ्या दिवशी आत येईन.