शेवटचा भाग

रविवार, १४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजी जिने चढू देत नाहीत ना? माझं ठीक चाललंय. शाळा सुरू व्हायच्या आहेत, त्यामुळे दुकानात पोरांच्या चष्म्यांची झुंबड. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

आपली मालिका संपली. पाहिलास का शेवटचा भाग? मला मुळीच पटला नाही. ती बाई एकटीनं छापखाना चालवते, सासऱ्याचं आजारपण काढते, आणि शेवटी नवरा बॅग घेऊन दारात उभा राहिला की बाजूला होऊन त्याला आत घेते! एक शब्द विचारत नाही. मागे बासरी. अगं, बासरी वाजली म्हणजे सगळं माफ? लेखकाला तरी काय बोलणार म्हणा. प्रेक्षकांनीच 'त्याला परत आणा' म्हणून वाहिनीचं डोकं खाल्लं होतं.

मोबाइलवर आमचा चाहत्यांचा ग्रुप आहे. तिथे मी एकटीच विरोधात, म्हणून माझं नाव खडूस. सगळ्यात जास्त भांडायचा तो फ्यूज. वायरिंगची कामं करतो, म्हणून हे नाव. तो लिहायचा, "चष्मेवाली, जरा काच पुसा. माणूस चुकतो, परत येतो." मी लिहायचे, "मग जातानाच विचार करावा." दुकानातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी त्याला उत्तर द्यायचे.

मालिका संपली आणि ग्रुप गप्प झाला. शेवटी मीच लिहिलं, एकदा भेटू या. सगळ्यांनी अंगठ्याची चित्रं पाठवली, आणि मग खरोखरच अंगठा दाखवला. बागेसमोरच्या कॉफीच्या दुकानात मी मोठं टेबल अडवून बसले होते. आला एकटा फ्यूज. मला वाटलं होतं कुणी तरणाताठा असेल. हे तर पांढऱ्या मिशांचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ.

"भांडायला दोघं पुरेत," म्हणाले आणि बसले.

मी विचारलं, "त्या नवऱ्याचा तुम्हाला एवढा पुळका का हो?"

ते म्हणाले, "माझी बायको वारली. तिला काही परत येता येणार नाही. ज्याला येता येतंय त्यानं यावं, दुसरं काय. आणि तुम्हाला त्याचा एवढा राग का?"

ताई, तोंडून निघूनच गेलं. "माझे हे गेलेत. सोडून."

हो. हिवाळ्यातच. तू फोन केलास की मी सांगते, आंघोळीला गेलेत. माणूस इतक्या आंघोळी कशा करतो, असं तुला कधी वाटलं नाही? दुसरी कुणी आहे की नाही, मला माहीत नाही. 'इथे गुदमरायला होतं' म्हणाले, कपडे भरले आणि गेले. तुला कळलं असतं तर तू धावत आली असतीस, आणि तुझ्यासमोर मला रडू आवरलं नसतं. त्यापेक्षा मालिकेवरून भांडणं सोपं होतं.

आता हे फ्यूज सल्ला देणार, असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिनं दार लावून घेतलं असतं, तर तुम्हाला बरं वाटलं असतं?"

मी हो म्हणणार होते. म्हणता आलं नाही. कारण मालिकेत तो नवरा दारात आला तेव्हा मी या खोलीत उभी राहिले होते, आणि मोठ्यानं म्हणाले होते, "या ना आत." ऐकायला कुणी नव्हतं. मग ग्रुपवर जाऊन त्या लेखकाला वाटेल ते बोलले.

परक्या माणसाला आधी कळलं आणि तुला नंतर, याचा राग धरू नकोस. पत्र मिळताच फोन करशील, माहीत आहे. कर. फक्त माझे हे कुठे आहेत, कधी येणार, ते विचारू नकोस. मला माझ्याविषयी विचार. बोलेन मी.

पत्राखाली 'आम्ही दोघं' असं लिहायची हाताला सवय आहे. आज लिहीत नाही.

तुझी,
धाकटी