ओलाव्यापुरता श्वास

४ नोव्हेंबर, सोमवार
पोहोचले एकदाची! वरच्या मजल्यावरची खोली झकास आहे. खिडकीसमोरच बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीचं तोंड, म्हणजे रस्ता ओलांडला की कामावर हजर. शेजारी पंपघर. खाणीत पाणी भरू नये म्हणून पंप रात्रंदिवस धडधडतो, आणि तो चालवणारा गृहस्थ त्याच्यावर ताण करून ओरडतो. सगळे त्याला भोंगा म्हणतात. कान पार गेलेत बिचाऱ्याचे. मी कुठून आले ते सांगितलं, तर म्हणाला, हो, जेवलो. मोबाइलला इथे रेंज नाही, फोन काय तो पंपघरातला.

काम माझ्या आवडीचं. खाणीच्या भिंतींवर धरलेले क्षार संग्रहालयासाठी बाटल्यांत भरायचे. माझ्या भावाला, धाकट्याला, हे मुळीच पसंत नाही. आई गेल्यापासून मी त्याच्याकडे राहायला यावं असा त्याचा धोशा चाललाय. जाईनही. पण आधी हे तीन आठवडे माझे.

७ नोव्हेंबर, गुरुवार
आज डोळ्यांचं पारणं फिटलं. खडकात तांबं, लोखंड आणि गंधक एकमेकांना धरून युगानुयुगं निमूट पडलेली असतात. माणूस बोगदा खणतो, हवा आणि ओल आत शिरते, गंधकाचं आम्ल होतं. ते धातूंना विरघळवत भिंतीवर झिरपतं, आणि वाळलं की मागे क्षार उरतात. हिरवा हिराकस, निळा मोरचूद, आणि पिंजलेला कापूस चिकटवावा तसे पांढरे केस, म्हणजे क्षारांचेच बारीक तंतू. केसांचा एक पिवळसर प्रकार तर फारच दुर्मीळ, तो मला एका भेगेभोवती सापडला. माणूस आत आला नसता तर यातलं काही जन्मालाच आलं नसतं. म्हणून मला हे क्षार फार आपलेसे वाटतात.

भारी नाजूक असतात पण. पाण्यात विरघळतात, कोरड्या हवेत त्यांच्यातलं पाणी उडून पीठ होतं. म्हणून आम्हा नमुने गोळा करणाऱ्यांत एक जुनी रीत आहे. बूच लावण्याआधी बाटलीत हळूच एक ‘हाः’ करायचा. ओलाव्यापुरता श्वास. आत, भिंतीला तोंड लावून मात्र हे कधीही करायचं नाही, असं आमचे सर बजावायचे. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार
पिवळे केस वाळून गळायला लागले होते. काढेपर्यंत पीठ झालं असतं. सर काही बघायला येणार नव्हते. भेगेला तोंड लावून एक ‘हाः’ केला. केस तिथल्या तिथे तरारले. शाबास मी.

परत येताना उगाचच रडू आलं. शेवटची काही वर्षं मी शेजारच्या खोलीतून आईचा श्वास ऐकत झोपायचे. तो अडकला की माझी झोप उडायची. आता घर इतकं गप्प असतं की झोपच लागत नाही. फार एकटं वाटतं, हे धाकट्याला सांगितलं तर तो आजच गाडी काढेल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
केस दुप्पट झालेत. भेगेच्या कडा जाड झाल्यात, ओठांसारख्या. रोज श्वास देते. काम करताना तिच्याशी बोलतेही, धाकट्याबद्दल, मी त्याला कडेवर घेऊन फिरवायचे त्याबद्दल. कुणी ऐकलं तर वेड्यात काढेल.

आज गालावर ऊबदार हवा आली. जुन्या बोगद्यांत वारा खेळतोच. पण हा मध्येच अडकला, आणि मग सुटला. आईचा सुटायचा तसा. मला इतकं बरं वाटलं की दिवसभर तिथून हलले नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
आवाज बसलाय. जिन्यात धाप लागते. भरलेल्या सगळ्या बाटल्यांत पांढरं पीठ झालंय. बुचं घट्ट आहेत, मग ओलावा गेला कुठे?

चष्मा पुसायला काचेवर ‘हाः’ केला. काच कोरडीच. पुन्हा केला. कोरडी.

आता आत जायचं नाही, असं ठरवलं. दुपारी गेले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
भेग बोलली. माझ्या आवाजात. धाकट्याबद्दल मी सांगितलेलं सगळं, ओळीने. ओरडायला माझ्यात हवाच नव्हती. भिंत धरत बाहेर आले.

संध्याकाळी फोनचा दिवा लुकलुकताना बघून भोंग्याने मला हात धरून फोनपाशी नेलं. धाकटा होता. मला एक शब्द फुटेना.
“ताई, बोलत का नाहीस? ते काही नाही, रविवारी न्यायला येतो.”
ये रे बाबा. येते मी. कायमची येते.

२३ नोव्हेंबर, शनिवार
सामान बांधलं. चार पावलं टाकली की डोळ्यांपुढे अंधारी येते. खिडकी बंद ठेवलीय. तरी ती ऐकू येतेय. नुसती त्याचंच नाव—

२४ नोव्हेंबर, रविवार
गाडी आली. धाकटा उतरला. वर बघ. वर बघ ना—

खाणीकडे बघतोय. तिथून हाक आली. माझ्याच आवाजात. “धाकट्या, इकडे आत ये रे.”

हसला. गेला.

काच बडवतेय. पंपाच्या धडधडीत काही— भोंगा पाठमोरा—

जिन्यात पडले. वही हातातच. उठवत नाही.

इथवर ऐकू येतंय. भेग सांगतेय त्याला, जवळ ये. कान नको, तोंड लाव. थोडाच हवाय, ओलाव्यापुरता—

नको रे

चष्म्यावर वाफ धरली. छाती हवेने भरली. श्वास येतोय मला, मोकळा, किती दिवसांनी. पण हा माझा नाही, हा धाक—